येळवस गुरुवारी होती

सहा वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका सोमवारी सकाळी पावणेसात वाजता औसा बसस्थानकातून हैदराबादची बस सुटली. तीत मी होते. सोबत एक बॅग, एक पिशवी आणि कोरा पासपोर्ट. पोचवायला आई-वडील आले होते. आम्ही त्यांना अव्वा आणि अप्पा म्हणतो. पिशवीतले कोणते धपाटे आधी खायचे आणि कोणते टिकतात, हे अव्वा सांगत होती. अप्पा बस हलल्यावर खिडकीसोबत दोन पावलं चालत आले आणि म्हणाले, "बाकी कायबी चुकव नंदे, येळवस चुकवू नको."

त्यानंतरच्या पाच येळवसी चुकल्या.

जे लातूर-धाराशिवकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे घरं बंद होतात आणि माणसं शेतात जातात. कडब्याची खोपटी उभी करतात, तिला कोप म्हणतात. कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. आंबिलीचं मडकं डोक्यावरून शेतात येतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे घालून केलेली भज्जी असते, बाजरीच्या पिठाचे उंडे असतात, खीर असते. ओळखीचा असो वा नसो, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. अंधार पडल्यावर कडब्याची चूड पेटवून शेताभोवती फिरवतात. सण तेवढ्या एका दिवसाचा. नांदेड जिल्ह्यात आमच्यासारखी येळवस नसते, त्यामुळे मी नांदेडच्या दैनिकात उपसंपादक होते त्या सात वर्षांत त्या दिवशी रजा मागावी लागे. मिळे. बातमी मात्र मीच आदल्या दिवशी करून ठेवत असे. मथळा दरवर्षी एकच: लातुरात अघोषित संचारबंदी.

आवृत्ती बंद झाली तेव्हा डेस्कवर चौघं होतो. एकजण बिलोलीला शाळेत लागला, दोघं छत्रपती संभाजीनगरला गेले. मला क्वालालंपूरमधल्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मराठी व्हिडिओंखाली लोक जे लिहितात ते वाचायचं आणि ठेवण्याजोगं काय, काढण्याजोगं काय ते ठरवायचं. काम कापाकापीचंच होतं. पगार बरा होता. त्या मजल्यावर अकरा भाषा बोलल्या जात. मराठीच्या रांगेत आम्ही तिघी.

पहिल्या वर्षी नोकरी नवी म्हणून रजा मिळाली नाही. पुढची दोन वर्षं साथीमुळे जाणं-येणं जमलं नाही. चौथ्या वर्षी तिकीट फार चढलं. पाचव्या वर्षी चढलं नव्हतं. उतरेल म्हणून मी थांबले आणि मग चढलं. मधे एका मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला येऊन गेले. तेव्हा अप्पा सगळं बोलले, शेताबद्दल काही बोलले नाहीत.

जे बाहेर गेले त्यांना पुढचा भाग माहीत आहे. जे मागे राहिले त्यांना वाटतं, विमानाचं तिकीट म्हणजे बसच्या तिकिटासारखं, खिडकीवर मागितलं की मिळतं. तसं नसतं. क्वालालंपूरहून हैदराबादला सरळ विमान आहे, पण ते बहुतेक वेळा महाग. तिरुचिरापल्ली स्वस्त, चेन्नई कधी स्वस्त, कोची एखाद्या मंगळवारी. म्हणून प्रवासाचे तुकडे करायचे. एक तिकीट एका कंपनीचं, दुसरं दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं थांबत नाही आणि त्याची जबाबदारी कोणावरही नसते. म्हणून मधे चार-पाच तास सोडायचे. सामानाचे वेगळे पैसे लागतात, म्हणून सात किलोंच्या आत राहायचं. जड जाकीट अंगावर घालायचं, चार्जर जाकिटाच्या खिशात. जागा निवडायची नाही, जेवण घ्यायचं नाही, विमा नको म्हणून तीनदा सांगायचं. सगळ्यात स्वस्त तिकिटाची तारीख बहुधा बदलता येत नाही.

यातून एक सवय लागते. कुठे जायचं नसतानाही दर पाहिले जातात. जेवणाच्या सुटीत, रांगेत, दात घासताना. पिनांगला जायचं नव्हतं, काठमांडूत कोणी ओळखीचं नव्हतं, दानांग कुठे आहे ते नकाशात पाहावं लागलं, तरी त्या तिन्हींचे दर मला तोंडपाठ होते. सहा वर्षांत मी तीन घरं बदलली आणि एकाही घरात भिंतीला खिळा ठोकला नाही.

शेजारच्या तेलुगू रांगेत पद्मा बसे. बोधनची. बोधन म्हणजे बिलोलीपासून हाकेच्या अंतरावर, मधे फक्त राज्याची हद्द. तिची माझी भाषा एकच, निजामाच्या वेळची दखनी. माझ्या फोनकडे बघून ती म्हणायची, "क्या अक्का, गांव कू जाते कि खाली भाव देखते?"

या वर्षी जायचं ठरलं. कारण ऑगस्टमध्ये पुण्याहून दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ, तिथे एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमचं शेत औशाच्या अलीकडे, लातूर रस्त्यापासून थोडं आत. त्याला गिऱ्हाईक आलं होतं. अप्पांचं बाजारपेठेतलं दोरखंड आणि बैलांच्या सामानाचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं आणि शेत बटईने दिलेलं होतं. दादाचं म्हणणं सरळ होतं. अप्पांचं वय झालं, मी येत नाही, तू येत नाहीस, मग ठेवायचं कशाला? सातबाऱ्यावर तीन नावं आहेत, अप्पा, दादा आणि मी. सही तिघांची लागते.

मी अप्पांना फोन केला आणि विचारलं. ते म्हणाले, "शेताचं बोलणं शेतात. फोनवर न्हाई. येळवसेला ये, कोपीपुढं बस अन् हो म्हण न्हाईतर न्हाई म्हण. दोन्ही चालतंय."

"अन् नाही आले तर?"

"तर तुझं काई म्हणणं न्हाई असं धरतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी इसार घेऊन येनार हाय."

येळवसेची अडचण अशी की ती तिथीने येते. कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत. स्वस्त तिकीट चार महिने आधी काढायचं तर तारीख आधी कळायला हवी. मी फोनवरच्या पंचांगाच्या ॲपमध्ये पाहिलं. मार्गशीर्ष अमावास्या, शुक्रवार. त्यानुसार गुरुवारी सकाळी क्वालालंपूर ते चेन्नई, गुरुवारी संध्याकाळी चेन्नई ते हैदराबाद आणि रात्रीच्या गाडीने लातूर अशी जुळणी केली. शुक्रवारी सकाळी अंघोळ करून शेतात. अव्वाला कळवलं, "गुरुवारी निघते." अव्वा म्हणाली, "ये माय." पोचणार कधी ते तिने विचारलं नाही. मीही येळवस कधी ते तिला विचारलं नाही. येळवस कधी असते हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही.

बुधवारी दुपारी दीड वाजता, मी कामावर असताना, अव्वाचा व्हिडिओ कॉल आला. समोर परात होती, परातीत तुरीच्या शेंगा.

"दाणे सोलून राहिले," ती म्हणाली. "तू कुठवर आलीस?"

"इथंच आहे. उद्या निघणार. एवढ्या लवकर दाणे कशाला काढलेस?"

"लवकर? उद्या येळवस न्हाई का?"

मी ॲप उघडलं. शुक्रवार. अव्वाने उठून भिंतीवरचं कॅलेंडर फोनपुढे धरलं. गुरुवार.

चूक कुठे झाली ते पाच मिनिटांत सापडलं. तिथी सूर्योदयाला जी असेल ती धरतात. ॲपने ठिकाण आपणहून क्वालालंपूर घेतलं होतं. तिथे सूर्य आमच्याकडच्यापेक्षा दोन तास आधी उगवतो. गुरुवारी क्वालालंपूरचा सूर्य उगवताना चतुर्दशी संपायची होती, औशाचा उगवताना संपलेली असणार होती. नांदेडच्या डेस्कवर सात वर्षं 'आजचे पंचांग' हा चौकोन मी तपासत असे. त्याच्या तळाशी स्थानिक सूर्योदयाची वेळ असे. ती रोज ताडून पाहायचं काम माझंच होतं.

बुधवारी संध्याकाळचं हैदराबादचं विमान भरलेलं होतं. बँकॉकमार्गे एक होतं, पण ते गुरुवारी दुपारी पोचत होतं. पद्माने स्वतःची रांग सोडून माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढली. दोघींनी दोन फोन घेतले. पंधरा मिनिटं ती दर चाळत होती. मग म्हणाली, "अक्का, सुबू का चेन्नईवाला वैसाइच रखो. शाम का हैदराबाद छोड दो, दोपहर के पहले का लेव. हैदराबाद से नांदेड एक छोटा जहाज है, रोज नै उडता. कल उडता."

नांदेड माझ्या डोक्यातच नव्हतं. जिथे सात वर्षं नोकरी केली तिथे विमानाने उतरता येतं हे मला माहीत होतं, पण दर पाहताना मी ते नाव कधी टाकलं नव्हतं.

आधीचं संध्याकाळचं तिकीट बुडालं. नवी दोन निघाली. चेन्नईत उतरल्यापासून पुढचं विमान सुटेपर्यंत दोन तास दहा मिनिटं होती आणि त्यात पासपोर्टची रांग होती. हातात सामान फक्त सात किलो असल्यामुळे ते जमण्यासारखं होतं. "तुम नै पकडे तो मेरे कू फोन नक्को करो," पद्मा म्हणाली. "मैं रोतूं."

गुरुवारी सगळी विमानं वेळेवर होती. चेन्नईच्या रांगेतून अप्पांना फोन केला. ते शेतात पोचले होते. मागून चुलत्यांचा आवाज येत होता, मडकं जपून उतरवा म्हणून. "सूर्य मावळायच्या आत यायचा प्रयत्न करते," मी म्हणाले.

"सूर्य काय आपल्या ऐकण्यात न्हाई," अप्पा म्हणाले. "हळू ये."

मग अव्वाने फोन घेतला. "अवसेच्या दिशी इमानात बसलीस व्हय गं?"

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी विमान नांदेडला उतरलं. तीन चाळीसला भाड्याची गाडी निघाली. औसा तिथून साधारण एकशे पासष्ट किलोमीटर. चालक लोह्याचा होता, चाळिशीचा, बोलका. लातूर म्हटल्यावर त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं.

"आज लातूरला जाऊन काय करता ताई? एक माणूस घावनार न्हाई. मागं एकदा आजच्याच दिशी गेल्तो, चहा भेटना राव. वाटलं दंगल झाली."

"शेतात जायचंय."

"मंग जेवायला भेटतंय म्हणा की."

नांदेडमध्ये दुकानं उघडी होती, रस्त्याला गर्दी होती. माझं ऑफिस होतं त्या इमारतीत आता चष्म्यांचं दुकान आहे. लोह्यापर्यंत साधा गुरुवार होता. अहमदपूरच्या आसपास दिवस बदलला. शटरं खाली, चौक मोकळे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत कडब्याच्या कोपी आणि त्यांच्यापुढे बसलेली माणसं. दोन ठिकाणी लोकांनी रस्त्यावर येऊन गाडीला हात केला आणि "जेवून जावा" म्हणाले. चालकाने दोन्ही वेळा वेग कमी केला. दोन्ही वेळा मी नको म्हणाले. पुढे तिसरा हात दिसला तेव्हा तो म्हणाला, "ताई, सगळ्या जिल्ह्याचा मान तोडून राहिलो आपण."

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी डेस्कवर आम्ही दोन मथळे लिहून ठेवत असू. एक जिंकले तर, एक हरले तर. निकाल लागला की एक टाकून द्यायचा. अहमदपूर ते चाकूर मी तेच केलं. एक वाक्य हो म्हणायचं होतं: अप्पा, दादाचं बरोबर आहे, इथं बघणारं कोणी नाही. एक नाही म्हणायचं: विकू नका. पहिल्याला कारणं होती. दुसऱ्याला एकही कारण लिहिता येईना. चाकूरच्या पुढे सूर्य मावळला.

औशाच्या अलीकडे गाडी आत वळली तेव्हा पावणेसात झाले होते. शेतांच्या कडेने चुडी फिरत होत्या. आमच्या शेतातली चूड दादाच्या हातात होती. तो अर्धा फेरा करून आला होता. पन्नाशीचा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला पाहून थांबला नाही, फेरा पुरा केला. अव्वाने आधी माझ्या गालावरून हात फिरवला, मग चालकाला हाक मारली, "ये बाबा, हात धू." तो बसलाही.

अप्पा कोपीपुढे घोंगडीवर बसले होते. शेजारी मडकं होतं. आमच्या घरात उरलेली आंबील शेताच्या चारी कोपऱ्यांना शिंपून मडकं रिकामं करूनच घरी नेतात. ते उजेडातच व्हायला हवं. मडक्यात अजून आंबील होती.

"एक कोपरा तुझा ठिवला," अप्पा म्हणाले.

मी चप्पल काढली, तांब्या भरला आणि वरच्या बांधाकडच्या कोपऱ्यात आंबील शिंपून आले. ढेकळं पायाला टोचत होती. परत येऊन बसले तेव्हा दादाही येऊन बसला होता.

"आता सांग," अप्पा म्हणाले. "ठिवायचं का द्यायचं?"

"मी इथं राहत नाही अप्पा. मी काय सांगणार?"

"ऱ्हातीस का न्हाई ते इचारलं न्हाई. हो का न्हाई, ते इचारलं."

"नाही. विकू नका."

दादा हसला. "बघणार कोण? तू? तिकडून? तिकिटाची ऑफर लागली की?"

"येळवसेला येईन."

"पाच वर्षं आलीस?"

"नाही."

"या वर्षी आलीस, ती बी अंधार पाडून."

"पाडून. पण आले."

"अगं, पेपरात होतीस ना तू? सगळ्या नांदेडला तिथी सांगत होतीस!" दादा म्हणाला. यावर अव्वा हसली, चुलते हसले. चालकाने तोंडातला घास सांभाळत मान खाली घातली. अप्पा हसले नाहीत.

"एकाचं हो, एकीचं न्हाई," ते म्हणाले. "सही तिघांची लागती. तिघांची व्हईना. झालं."

"अन् तुमचं काय अप्पा?" दादाने विचारलं. "तुमचं हो का न्हाई?"

अप्पांनी मडकं उचलून पालथं केलं. थेंबभर आंबील मातीत पडली. "माझं मत मागायला तू येळवस झाल्यावर आलास," ते म्हणाले. "पुढल्या येळवसेला इचार."

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास गिऱ्हाईक इसाराची रक्कम घेऊन घरी आलं. चहा घेतला, भज्जी खाल्ली आणि रक्कम घेऊन परत गेलं. दादा दुपारच्या गाडीने पुण्याला गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. त्याचा अजून फोन आलेला नाही, मीही केलेला नाही. संक्रांतीला त्याने अव्वाला सांगितल्याचं कळलं की पुढच्या येळवसेची रजा त्याने टाकून ठेवली आहे. ती शेत विकण्यासाठी की चूड फिरवण्यासाठी, हे अव्वाने विचारलं नाही.

शनिवारी मी लातूरहून हैदराबादला आणि तिथून परत गेले. सोमवारी कामावर होते. पद्माने अव्वाने बांधून दिलेला डबा उघडून गार भज्जी खाल्ली आणि आमच्याकडे अमावास्येला असं काही मिळत नाही, अशी तक्रार केली.

पंचांगाच्या ॲपमध्ये आता ठिकाण औसा आहे. तिकिटांच्या ॲपमध्ये 'घरचा विमानतळ' या रकान्यात क्वालालंपूर आहे. तो रकाना मी एकदा उघडला, नांदेड लिहिलं, दर पाहिले आणि पुन्हा क्वालालंपूर केलं. दर अजूनही पाहते. पिनांग, काठमांडू, दानांग.

नवं कॅलेंडर भिंतीला लागलं त्या दिवशी अप्पांचा फोन आला. त्यांनी मार्गशीर्ष अमावास्येची तारीख वाचून दाखवली, वार वाचून दाखवला, मग चष्मा पुसून दोन्ही पुन्हा वाचले. त्याच्या तीन दिवस आधीचं तिकीट निघालं आहे. क्वालालंपूर ते हैदराबाद, सरळ. त्यावर अट छापलेली आहे: तारीख बदलता येणार नाही.